गोजी फळ : परंपरा, उपयोग आणि एक सावधगिरी

औषधालयांतून ‘हिमालयातील गोजी’ म्हणून जी लाल सुकी फळे विकली जातात, त्यांतील बहुतांश माल वस्तुतः चीनमधील लागवडीचा असतो. निंगशिया प्रदेशातील झोंगनिंगचे फळ तेथे उत्तम मानतात. ‘गौची’ या चिनी नावाचेच ‘गोजी’ हे रूप. लायसियम बार्बेरम ही वनस्पती अश्वगंधा व कंटकारी यांच्याच कुलातील. सुश्रुतांनी अनुशस्त्रांत सांगितलेली खरखरीत पानांची ‘गोजी’ सर्वस्वी वेगळी. साम्य केवळ उच्चाराचे.

‘शेननोंग बेनचाओ’ या प्राचीन चिनी द्रव्यग्रंथात गौचीची गणना श्रेष्ठ वर्गात, म्हणजे दीर्घकाळ सेवनास योग्य द्रव्यांत केली आहे. तेथील वैद्य हे फळ मधुर व समशीतोष्ण मानून, त्यांच्या परिभाषेतील यकृत-वृक्कांच्या क्षीणतेत, म्हणजे कटिदौर्बल्य, भोवळ, मंददृष्टी अशा लक्षणांत योजतात. मात्रा ६ ते १२ ग्रॅम, बहुधा क्वाथरूपाने. शेवंतीच्या फुलांसह गौची असलेली ‘छी जू दीहुआंग’ गुटी नेत्रविकारांत प्रसिद्ध आहे. मूलत्वचा मात्र शीत मानतात. ती जीर्णज्वरात व रात्रिस्वेदात देतात. अतिसाराची प्रवृत्ती असणाऱ्यास व नवज्वरात फळ वर्ज्य समजतात, हे पाकिटावर सहसा छापलेले नसते. वीर्य व विपाक मात्र काही वेष्टनांवर छापलेले आढळतात! ते कोणत्या ग्रंथाधारे, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे.

नेत्रांविषयीच्या परंपरेस काही आधार आहे. फळात झियाझँथिन विपुल असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४५ ते ६५ वयाच्या २७ निरोगी व्यक्ती होत्या. त्यांतील एका गटास २८ ग्रॅम फळे आठवड्यातून पाच वेळा, ९० दिवस दिली असता दृष्टिपटलाच्या मध्यभागातील रंगद्रव्याची घनता वाढली. प्रयोग लहान आहे. त्यावरून रोगनिवृत्तीचा दावा करता येत नाही.

याउलट २००१ साली नोंदलेला एक रुग्णवृत्तांत प्रत्येक औषधविक्रेत्याने ध्यानात ठेवावा. वॉरफरिन घेणाऱ्या ६१ वर्षांच्या एका चिनी स्त्रीचा आय.एन.आर. गोजीच्या चहानंतर ४.१ पर्यंत चढला. चहा थांबवल्यावर उतरला.

माझ्याकडे हृदयाची झडप बदललेले एक गृहस्थ डोळ्यांसाठी हीच फळे मागावयास आले होते. ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे काय?’ असे विचारताच त्यांनी खिशातून वॉरफरिनची पट्टी काढून दाखविली. फळांचे पाकीट तोवर बांधून तयार होते. ते परत फडताळात ठेवले.