सस्पेन्शन लिफ्ट आणि टायरचा आकार

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे खडबडीत मार्गांवर चालवावयाच्या वाहनाचा सांगाडा, म्हणजेच चॅसिस, चाकांच्या मानाने मूळ रचनेपेक्षा अधिक उंचीवर बसविण्यासाठी निलंबन प्रणालीत केलेला बदल होय. जीप रँग्लर, टोयोटा लँड क्रूझर, सुझुकी जिम्नी, महिंद्रा थार यांसारख्या चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनांत हा बदल बहुधा मोठ्या टायरच्या जोडीने केला जातो. या दोन बाबी परस्परावलंबी असल्या तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. टायर निवडण्यापूर्वीच लिफ्ट विकत घेणे ही या विषयातील सर्वांत सामान्य व सर्वांत खर्चिक चूक आहे.

उंची नेमकी कशाची वाढते?

रँग्लरच्या पुढे व मागे अखंड आस असतो. या आसाच्या मध्याजवळ डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो आणि वाहनाचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग सामान्यतः तोच असतो. स्प्रिंगा उंच केल्या की चॅसिस, इंजिन व प्रवाशांची बैठक वर जाते. आस मात्र चाकांना जोडलेला असल्याने होता तेथेच राहतो. म्हणून चार इंचांची लिफ्ट बसवूनही दगड पूर्वीच्याच उंचीवर डिफरन्शियलला लागतो. आस वर उचलण्याचे काम केवळ टायर करतो, आणि तेही व्यासातील वाढीच्या निम्मेच. व्यास दोन इंचांनी वाढला तर आस एक इंच वर जातो.

मग लिफ्टचा उपयोग काय? तिने मोठ्या टायरला हालचालीसाठी जागा मिळते, तसेच चढाव, उतार व उंचवटा ओलांडताना वाहनाचे पुढील, मागील व मधले भाग जमिनीला घासत नाहीत. ज्या वाहनांत पुढील निलंबन स्वतंत्र असते, तेथे चित्र थोडे वेगळे आहे. २०२० पासूनच्या थारमध्ये पुढे स्वतंत्र निलंबन व मागे अखंड आस आहे. पुढचे डिफरन्शियल चॅसिसला जोडलेले असल्याने लिफ्टबरोबर तेही वर जाते. मागचे मात्र जात नाही. शिवाय पुढच्या चाकांना फिरविणाऱ्या दांड्यांचा कोन तीव्र होऊन त्यांचे सांधे व रबरी आवरणे लवकर झिजतात. त्यामुळे अशा वाहनांत लिफ्टची व्यवहार्य मर्यादा अखंड आसाच्या वाहनांपेक्षा बरीच कमी असते.

टायरवरील आकडे

थारच्या एका आवृत्तीत २४५/७५ आर १६ हा टायर येतो. यातील २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ ही कडेच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. आर हे अक्षर टायरची बांधणी रेडियल असल्याचे दर्शविते. त्याचा त्रिज्येशी संबंध नाही, जरी अनेकजण तसे समजतात. भिंतीची उंची १८४ मिमी, तिची दुप्पट ३६७.५ मिमी, त्यात रिमचे ४०६.४ मिमी मिळविले की व्यास सुमारे ७७४ मिमी, म्हणजे साडेतीस इंच येतो. याच रीतीने रँग्लर रुबिकॉनच्या २८५/७० आर १७ या टायरचा व्यास ८३१ मिमी भरतो. त्याला बाजारात ‘३३ इंची’ म्हणत असले तरी प्रत्यक्षात तो ३२.७ इंच आहे. ‘३५ इंची’ म्हणून ओळखला जाणारा ३१५/७० आर १७ टायरही गणिताने ३४.४ इंचच भरतो. म्हणून नावावर न जाता आकडेमोड करूनच जागेचा अंदाज घ्यावा.

आकड्यांच्या शेवटी भारनिर्देशांक व वेगाचे अक्षर असते. नवा टायर मूळ टायरपेक्षा या दोन्ही बाबतींत उणा असू नये.

मार्गानुसार टायर

दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीप ६.००-१६ या अरुंद टायरवर धावत असे. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला भिडतो. याउलट जेथे खाली घट्ट थरच नाही, तेथे वजन पसरवावे लागते. आइसलँडमधील हिमनद्यांवर ३८ ते ४४ इंची रुंद टायर अत्यंत कमी हवेवर चालवितात ते याच कारणाने. तेथे चाकांभोवतीचे पत्रे कापून टायरला जागा करून देण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे फार मोठी लिफ्ट न देताही मोठे टायर बसतात. वाळूतही हवा कमी करणे हाच पहिला उपाय ठरतो, कारण हवा उतरविल्यावर टायरचा जमिनीशी असलेला संपर्क मुख्यतः लांबीत वाढतो. खडकाळ मार्गांवर मात्र व्यास आणि कडेच्या भिंतीची ताकद यांनाच महत्त्व आहे.

बहुतांश काळ डांबरी रस्त्यावर आणि वर्षातून काही दिवसच डोंगरात जाणाऱ्या वाहनाला मूळ आकाराचेच, पण चांगल्या नक्षीचे टायर पुरेसे असतात. मोठा टायर जड असतो. ते वजन स्प्रिंगच्या खाली, फिरत्या भागात वाढत असल्याने वेग घेणे, थांबणे व इंधनाचा खप या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

लिफ्टचे प्रकार

सर्वांत स्वस्त प्रकारात मूळ स्प्रिंगवर ठोकळा, म्हणजे स्पेसर, ठेवतात. यात उंची मिळते, पण स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर तेच राहिल्याने चाकाची खाली-वर होण्याची क्षमता वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात नव्या लांब स्प्रिंगा आणि त्यांना अनुरूप शॉकॲब्सॉर्बर बसवितात. पाट्यांच्या निलंबनात एखादा पाटा वाढवितात किंवा संपूर्ण संच बदलतात. बॉडी लिफ्ट हा वेगळाच प्रकार आहे. त्यात चॅसिस व वरचा साटा यांच्यामध्ये ठोकळे घालतात. टायरला जागा होते, परंतु चॅसिस जागचे हलत नाही.

अखंड आसाला आडवा धरून ठेवणारा दांडा एका टोकाला चॅसिसवर, दुसऱ्या टोकाला आसावर जखडलेला असतो. चॅसिस वर गेली की हा दांडा तिरपा होतो आणि आस एका बाजूला सरकतो. त्याच वेळी पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन घटतो व सुकाणू सरळ रेषेत राहीनासे होते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून तो थरथरू लागतो. दोन दारांच्या रँग्लरमध्ये चाकांच्या आसांतील अंतर २,४६० मिमी, तर चार दारांच्या आवृत्तीत ३,००८ मिमी आहे. त्यामुळे तेवढ्याच लिफ्टने लहान गाडीचा शाफ्ट अधिक तिरपा होतो. दुसरीकडे, उंचवट्यावर पोट टेकण्याची अडचण तिला मुळातच कमी असल्याने तिला लिफ्टची गरजही कमी असते.

जागेची खात्री उभ्या गाडीवरून होत नाही. एक चाक उतारावर चढवून त्याची स्प्रिंग पूर्ण दबवावी, सुकाणू दोन्ही बाजूंना अखेरपर्यंत वळवावे आणि टायर कोठे घासतो ते पाहावे. घासत असल्यास लिफ्ट वाढविण्यापूर्वी रिमचा ऑफसेट व चाकाची हालचाल रोखणारे बंप स्टॉप तपासावेत. स्प्रिंग कितीही उंच असली तरी पूर्ण दबली की टायर पुन्हा त्याच जागी येतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

गियर आणि वेगमापक

साडेतीस इंची टायरऐवजी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिमी व्यासाचा टायर बसविला तर व्यास ८.३ टक्क्यांनी वाढतो. वेगमापक ताशी ८० किमी दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८७ च्या जवळपास धावत असते. इंजिनाला तितकेच जड गियर ओढावे लागते आणि चढावर अशक्तपणा जाणवतो.

जीप कंपनीने २०२१ मध्ये रँग्लरसाठी ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ हा संच आणला. त्यात कारखान्यातूनच ३५ इंची टायर मिळत. मूळ रुबिकॉनच्या टायरच्या तुलनेत व्यास सुमारे ५ टक्के वाढला. तरीही निर्मात्याने लिफ्ट दिली ती केवळ दीड इंचाची. मात्र आसाचे गुणोत्तर ४.१० वरून ४.५६ केले, म्हणजे ११ टक्क्यांनी वाढविले. शिवाय मागच्या दारावर टांगलेल्या जड अतिरिक्त चाकासाठी बिजागऱ्या मजबूत केल्या. खासगी गॅरेजमधील चार इंचांच्या लिफ्टशी याची तुलना उद्बोधक आहे.

स्थैर्य

गाडी कलंडण्याचा धोका मापण्यासाठी अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासन दोन्ही चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागते. उदाहरणार्थ, अंतर १,५०० मिमी व गुरुत्वमध्य ७०० मिमी असल्यास भागाकार १.०७ येतो. गुरुत्वमध्य १०० मिमी वर गेला की तो ०.९४ होतो, आडव्या उतारावर कलंडण्याचा सैद्धांतिक कोन ४७ अंशांवरून ४३ वर येतो. स्प्रिंगा व टायर दबत असल्याने प्रत्यक्ष कोन याहूनही कमी असतो. छतावर सामानाची जाळी, त्यावर तंबू व पाण्याचे पिंप ठेवल्यास फरक आणखी वाढतो. हा तोटा डोंगरात जितका जाणवतो, त्याहून अधिक महामार्गावर अचानक वळण घेताना जाणवतो.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-अ नुसार, अनधिकृत बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.