ही हवा कुठली आणि किती वाजताची?

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘वेदर-युटिल’ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. पायथॉनमध्ये लिहिलेलं, डेबियन किंवा उबुंटूवर एका कमांडमध्ये बसणारं. ना चित्रं, ना जाहिराती. टर्मिनलमध्ये ‘वेदर’ लिहायचं, पुढे विमानतळाचा चार अक्षरी संकेत द्यायचा आणि एंटर दाबायचं. मुंबईसाठी व्हीएबीबी, पुण्यासाठी व्हीएपीओ, नागपूरसाठी व्हीएएनपी. क्षणभरात पाच-सात ओळी उमटतात: केंद्राचं नाव, नोंदीची वेळ, तापमान, आर्द्रता, वारा, आकाश. फॅरनहाइट नको असेल तर मेट्रिकचा पर्याय द्यावा लागतो, एवढंच. पावसाळ्यात घराबाहेर पडण्याआधी मी हेच बघतो, आणि त्याचं कारण त्या पहिल्या दोन ओळींत आहे.

फोनवरची बरीच ॲप्स ‘आत्ता २८ अंश’ असं दाखवतात, तेव्हा तो आकडा अनेकदा संगणकाच्या प्रारूपातून काढलेला अंदाज असतो. तिथे कुणी तापमापक लावलेला असतोच असं नाही. वेदर-युटिल अंदाज रचत बसत नाही. विमानतळावर प्रत्यक्ष मोजलेलं काय आहे ते आणून देतं. ही नोंद वैमानिकांसाठी केलेली असते. तिला मेटार म्हणतात. आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवरून ती दर अर्ध्या तासाला निघते, जगभर जाते आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सर्व्हरवर प्रत्येक केंद्राच्या नावाने एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पडते. ती उघडायला पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. तिथेच मूळ संदेश वेगळा आणि उलगडून लिहिलेला वेगळा, असे दोन्ही असतात. आपलं सॉफ्टवेअर उलगडलेली फाइल आणतं आणि त्यातल्या कामाच्या ओळी निवडून दाखवतं.

मला मात्र मूळ संदेश वाचायला जास्त आवडतो. जुलैतल्या मुंबईचा संदेश साधारण असा असतो: व्हीएबीबी १२०९४०झेड २४०१२केटी ३००० -आरए एससीटी०१२ बीकेएन०२५ २७/२५ क्यू१००४. पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पण सवय झाली की अख्खं आकाश दिसतं. बारा तारीख, ०९:४० ही जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले दुपारचे ३ वाजून १० मिनिटं. वारा २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येणारा, १२ नॉट, ताशी साधारण २२ किलोमीटर. दृश्यमानता ३००० मीटर. आरएच्या आधीची उणे खूण म्हणजे पाऊस हलका. १२०० फुटांवर विखुरलेले ढग, २५०० फुटांवर जवळपास आकाश झाकणारा थर. तापमान २७, दवबिंदू २५, दाब १००४ हेक्टोपास्कल.

या संदेशात आर्द्रता कुठेच नाही. ती तापमान आणि दवबिंदू यांवरून काढावी लागते. २७ आणि २५ वरून उत्तर येतं ८९ टक्के. पण मेटारमध्ये दोन्ही आकडे पूर्णांकात दिलेले असतात. खरं तापमान २७.४ आणि दवबिंदू २४.५ असेल तर आर्द्रता ८४ टक्के, तापमान २६.५ आणि दवबिंदू २५.४ असेल तर ९४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पडद्यावर ८९ दिसलं तरी दोन्ही बाजूंनी पाच टक्क्यांची सूट मनात धरूनच तो आकडा वाचावा. आर्द्रता दशांश चिन्हासह दाखवणारं ॲप याच नोंदीवर चालत असेल, तर ती अचूकता पोकळ आहे.

आणखी एक गोष्ट इथे सापडत नाही: किती मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडच्या मेटारमध्ये पाऊस हलका, मध्यम की जोरदार, एवढंच कळतं. चोवीस तासांचा पाऊस हवामान खात्याच्या केंद्रांवर सकाळी साडेआठला मोजला जातो. त्याची वाट वेगळी.

नोंद खरी असली तरी ती त्या जागेपुरतीच खरी, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नाही. पुण्यात हिवाळ्यात शिवाजीनगर गारठलेलं असतं तेव्हा लोहगावचं किमान तापमान बऱ्याचदा काही अंशांनी जास्त असतं. व्हीएपीओ म्हणजे लोहगाव. पाषाणला राहणाऱ्याने तो आकडा आपला मानला तर दोष सॉफ्टवेअरचा नाही; त्याने वर ठिकाण लिहिलेलं आहे.

वेळेचंही तसंच. नोंदीची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात आणि जागतिक वेळेत, अशी दोन्ही छापलेली असते. आपण जागतिक वेळ धरावी. वळवाच्या दिवसांत पाऊण तासापूर्वीचं ‘निरभ्र’ काही कामाचं नसतं. शिवाय सर्व्हरला पुन्हा पुन्हा त्रास नको म्हणून आणलेली माहिती हे सॉफ्टवेअर थोडा वेळ आपल्याच संगणकावर साठवून ठेवतं, हेही ध्यानात असावं.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. फवारणी आज करावी की नाही हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला दूरच्या विमानतळापेक्षा आपल्या मंडळातला वारा आणि आर्द्रता हवी असते. हे आकडे विमानतळांच्या नोंदींइतक्याच सहज, साध्या मजकुरात, कुणालाही उचलता येतील असे खुले व्हायला हवेत. त्यावर चांगली साधनं बांधणारी मुलं गावोगावी आहेत. ती बांधताना त्यांनी एवढं करावं: आकड्याच्या वर केंद्राचं नाव आणि नोंदीची वेळ ठळक अक्षरांत छापावी.