सुईची भीती मुलांच्या मनात कोण घालते?

"गप बस, नाहीतर डॉक्टरला सांगून सुई टोचायला लावीन!" हे वाक्य आपल्या वस्त्यांतील किती घरांत ऐकू येते, याचा माता-भगिनींनी जरा विचार करावा. मूल जेवत नाही, दाखव सुईचा धाक. झोपत नाही, दाखव सुईचा धाक. मग एके दिवशी त्याच लेकराला आपण दवाखान्यात नेतो आणि सांगतो, "भिऊ नको रे, डॉक्टर चांगले असतात." त्या बिचाऱ्याने आपले कोणते बोलणे खरे मानावे?

लस, रक्ततपासणी, सलाईन, जखमेचे टाके, मलमपट्टी ही मोठ्या माणसांच्या दृष्टीने किरकोळ कामे. लेकराच्या दृष्टीने ती किरकोळ नसतात. "लहान आहे, विसरून जाईल," असे म्हणून आपण त्याचे दुःख झटकून टाकतो.

असा समज अडाणी माणसांचाच होता असे नाही. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतील नामवंत इस्पितळांतही नवजात बाळाला वेदना फारशी कळत नाही, असे समजून पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केल्या जात. हा समज खोटा ठरवण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. कन्वलजीत सिंग आनंद. बाबासाहेबांचे जन्मस्थान असलेल्या महूपासून जवळच, इंदूरच्या मेडिकल कॉलेजात ते शिकले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियांचा त्यांनी तेथे अभ्यास केला. पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडले. बाळ बोलू शकत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे नाही. ज्यांचे दुःख शतकानुशतके कोणी मोजलेच नाही, अशा समाजाला ही गोष्ट अधिक समजावून सांगायला नको.

दोन बाण

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराला वेदना होते तो पहिला बाण. त्या वेदनेने मन भयभीत होते, आक्रोश करते, तो दुसरा बाण. अज्ञ माणसाला दोन्ही बाण लागतात, समजदाराला एकच.

दवाखान्यातली सुई हा पहिला बाण आहे. तो चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. बाबासाहेब आणि माता रमाई यांना आपली चार लेकरे गमवावी लागली. आज सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत लस फुकट मिळते, ती आपल्या प्रत्येक मुलाला मिळालीच पाहिजे. दुसरा बाण मात्र बहुतेक वेळा आपणच मारतो. धाक दाखवून, खोटे बोलून, चौघांनी हातपाय दाबून धरून. लहानपणी बसलेली ही दहशत मोठेपणीही जात नाही. मग माणसे दुखणे अंगावर काढतात, तपासणी टाळतात आणि अंगारे-धुपारे करणाऱ्यांच्या दारात जातात.

खोटे बोलू नका

"काही दुखणार नाही" हे सगळ्यात जास्त बोलले जाणारे खोटे. सुई टोचताच ते उघडे पडते आणि मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. तथागतांनी बाल राहुलाला केलेला उपदेश आठवावा. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्यांनी राहुलाला सांगितले, की जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य तेवढेच अल्प. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. आपण वंदनेत चौथे शील रोज म्हणतो. ते मुलांशी बोलतानाही लागू आहे.

मग काय सांगावे? जे खरे आहे तेच, थोडक्यात आणि शांतपणे. "चिमटा घेतल्यासारखे वाटेल, थोडा वेळ दुखेल, मग थांबेल. मी तुझ्याजवळच आहे." फार लहान मुलाला आदल्या दिवसापासून सांगून झोप उडवू नये, निघण्याच्या थोडे आधी सांगितले तरी पुरते. मोठ्या मुलाला मात्र आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येतात.

दुसरे, "तू भीमाचा बच्चा, रडायचे नाही" असे म्हणू नये. मुलगा असो वा मुलगी, दुखले तर रडू येणारच. रडणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. रडत का होईना, हात पुढे करणारे मूल धीटच म्हटले पाहिजे.

वयाप्रमाणे काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लस देताना होणाऱ्या वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन केले आहे. त्यातील बहुतेक उपायांना एक पैसाही लागत नाही.

अंगावर पिणारे बाळ : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत सुईने दिल्या जातात. बाळाला थोडे आधी अंगावर घ्यावे आणि सुई देताना व दिल्यावरही पाजत राहावे. आईच्या अंगाची ऊब, दूध आणि वास या तिन्हींनी वेदना कमी होते. तोंडावाटे द्यायचे डोस आधी आणि सुई नंतर, हा क्रम चांगला. अनेक सुया असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यावी. काही इस्पितळांत नवजात बाळाला साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब देतात, पण ते काम डॉक्टर-सिस्टरचे. घरी सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय वरचे काही देऊ नये.

एक ते तीन वर्षे : मुलाला टेबलावर आडवे पाडून दाबू नका. आईने, बापाने किंवा आजीने त्याला मांडीवर उभट बसवून छातीशी धरावे. ज्या हाताला वा पायाला सुई द्यायची तेवढाच भाग घट्ट धरावा. मिठी आणि पकड यातला फरक लेकराला नीट कळतो.

तीन ते सहा वर्षे : या वयात लक्ष दुसरीकडे वळवणे फार उपयोगी पडते. फुगा, भिंगरी, पिपाणी जवळ ठेवा. सुई टोचताना मुलाला जोराने फुंकर घालायला लावा. आवडते गाणे म्हणा, भिंतीवरच्या चित्रातले पक्षी मोजायला सांगा.

सहा वर्षांपुढे : मुलाला थोडा अधिकार द्या. "कोणत्या हाताला घ्यायची? बघायचे की तोंड फिरवायचे?" एवढे विचारले तरी त्याला आपण असहाय नाही असे वाटते. विहारात आनापान शिकलेल्या मुलाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या लसीच्या वेळी काही मुलांना चक्कर येते. त्यांना बसवून वा आडवे करून सुई द्यावी आणि नंतर पंधरा मिनिटे बसू द्यावे.

आई-वडिलांनी स्वतः शांत राहणे हाही एक उपायच आहे. "अगं बाई, झालं रे बाळा, माफ कर" असा घोष केला तर मुलाला वाटते, काहीतरी भयंकरच घडते आहे. सुईनंतर ताप आला तर डॉक्टर वा सिस्टरने सांगितलेल्या प्रमाणातच पॅरासिटामॉल द्यावे. सुईच्या जागी हळद, शेण, तूप काही लावू नये.

सिकलसेलची मुले

विदर्भातील आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. हा आजार आई-बाप दोघांकडून येणाऱ्या रक्तदोषामुळे होतो, कुणाच्या पापाने वा नजरेने नाही. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात रक्ततपासणीवर भर आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते.

पण आजार निघालेल्या मुलाला एका सुईवर भागत नाही. वारंवार रक्त काढणे, सलाईन, कधी रक्त चढवणे असे वर्षानुवर्षे चालते. पहिल्या दोन-चार वेळा त्याला दहशत बसली, तर पुढे ते पोट दुखते, सांधे दुखतात हेसुद्धा सांगत नाही. सांगितले तर सुई मिळेल ना! असे लपवलेले दुखणे जिवावर बेतू शकते. म्हणून या घरांनी जास्त काळजी घ्यावी. रक्त काढायला जाण्यापूर्वी मुलाला भरपूर पाणी पाजावे आणि हात उबदार ठेवावा, म्हणजे शीर लवकर सापडते. जागा बधिर करण्यासाठी बर्फ लावण्याचा सल्ला कुणी देईल, पण सिकलसेलच्या मुलाला बर्फ लावू नये. गारठ्याने त्याच्या वेदना उसळू शकतात. त्वचा बधिर करणारे मलम मिळते, ते सुमारे तासभर आधी लावावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

दुखणे किती आहे, हे मुलाला सांगता येत नसेल तर चेहरे काढून दाखवा. अमेरिकेत डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडवेल्या चेहऱ्यापर्यंत. तीन वर्षांपुढचे मूल बोट ठेवून सांगते, मला एवढे दुखते. पाटीवर खडूनेही असे चेहरे काढता येतील.

विचारण्याचा हक्क

आपल्यातील अनेक आया-बहिणी दवाखान्यात बोलायला बिचकतात. "बाहेर थांबा," म्हटले की बाहेर थांबतात. सिस्टरवर कामाचा केवढा बोजा असतो, रांग केवढी असते, हे आम्ही जाणतो. तरी "ताई, मी याला मांडीवर घेऊ का? मी पाजत असताना सुई द्याल का?" असे नम्रपणे पण न घाबरता विचारावे. टाके घालायचे असतील तर "जागा बधिर करणार ना?" हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून प्रश्न विचारायला शिकवले, ते दवाखान्याच्या दारातही विसरू नये.

आमची महिला मंडळांना एक सूचना आहे. रविवारी विहारात मुले जमतात, तेव्हा महिन्यातून एकदा दवाखान्याचा खेळ मांडावा. सुई काढलेली सिरिंज, कापूस, एक बाहुली एवढे साहित्य पुरे. मुलांनी बाहुलीला लस द्यावी, तिची समजूत काढावी, तिला दुखले का विचारावे. वस्तीतील आशाताईंना वा आपल्याच समाजातील एखाद्या नर्स भगिनीला बोलवावे. आणि घरोघरी आजपासून एवढा नियम करावा, की मुलांना सुईचा धाक दाखवायचा नाही. जयभीम!