समृद्धीच्या तळाशी: सागरतळावरील सूक्ष्मजीवांची कथा

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की आपणांस खवळलेल्या लाटा दिसतात. त्याच दिवसांत पाण्याखाली घडणारे मोठे स्थित्यंतर मात्र दिसत नाही. त्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून वाहतात. वारा व पृथ्वीचे परिवलन यांच्या परिणामाने ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी खुल्या समुद्राकडे लोटले जाते. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही हे घडते. केरळकडे त्याचा जोर अधिक असून उत्तरेकडे तो मंदावतो. या पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट यांवर सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि त्यांवर मासळी पोसली जाते.

तळाशी मात्र याच समृद्धीची किंमत मोजावी लागते. मृत वनस्पतींचे अवशेष खाली जातात आणि ते कुजविताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. परिणामी अरबी समुद्रात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीवर अत्यल्प प्राणवायूचा विस्तीर्ण थर आढळतो.

तळाच्या चिखलात कोळंबी-खेकड्यांचे चिमुकले भाऊबंद राहतात: दोन शिंपांमध्ये स्वतःला मिटून घेणारे ऑस्ट्रॅकॉड आणि बहुधा मिलिमीटरहूनही लहान कोपेपॉड. अवशेषांच्या रूपाने अन्न त्यांच्या दारी येते. परंतु प्राणवायू घटला की कोपेपॉड लवकर नाहीसे होतात, ऑस्ट्रॅकॉडांच्या मोजक्याच जाती तग धरतात आणि चिखलात सूत्रकृमींचे प्राबल्य होते. मासे पोहून दूर जाऊ शकतात. या जीवांना तो मार्ग नाही.

गोव्याच्या किनारी समुद्रात पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा वर पसरतो, त्यामुळे हवेतील प्राणवायू खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळालगत तो जवळजवळ संपतो, अशी नोंद दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आहे. पुढे प्रवाह पालटले की प्राणवायू परततो.

हे चक्र निसर्गाचेच आहे. मात्र शेतातून वाहून जाणारी खते व सांडपाणी समुद्रात पोषकद्रव्यांची भर घालतात, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. या चिमुकल्या जीवांचा श्वास त्यामुळे आपल्या वागण्याशीही जोडला गेला आहे, याची जाणीव विद्यार्थ्यांना व्हावी, असे आम्हांस वाटते.