येनकथलाचा माळ

हैदराबादहून सुमारे सत्तर किलोमीटरवर, विकाराबाद जिल्ह्यातल्या मोमिनपेट मंडलात येनकथलाचं गवताळ माळरान आहे. फाल्गुन-चैत्रात सकाळी एकट्याने चालायला याहून सुंदर जागा मला या भागात माहीत नाही. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, बांधावर पळस फुललेला असतो आणि कानावर चंडोलाची लांबलचक शीळ येते.

हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी परतीला निघण्याआधी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतात. पहाटे पोचलात तर ते दिसण्याची शक्यता जास्त.

माळटिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तीही मातीच्याच रंगाची. म्हणून गाडी रस्त्यालाच ठेवा आणि मळलेल्या पायवाटेनेच चाला. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली की घरटं जवळ आहे असं समजून मागे फिरा.

सावली जवळजवळ नाहीच. तीन लिटर पाणी आणि टोपी घ्या, घरी ठिकाण सांगून निघा, अकराच्या आत परतीला लागा.

सरकारी नोंदींत असे माळ बरेचदा ‘पडीक’ ठरतात. कृपा करून इथे झाडं लावायच्या मोहिमा आणू नका. या पक्ष्यांना गवतच हवं.