मांड आणि कावा

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याआधी, १८५४पर्यंत, हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, म्हणजे घोडदळाचा. आज इथे घोडी दिसते ती बहुधा वरातीत. पण स्वारीची विद्या भाषेत शिल्लक आहे, असे मला वाटते. दोनच शब्द पाहू.

पहिला ‘मांड’. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला मात्र सरकारातून मिळेल त्या घोड्यावर बसावे लागे. जनावर बदलले तरी मांड तीच हवी. मांड म्हणजे मांड्यांनी आवळणे नव्हे. आवळले की टाच वर येते, स्वार पुढे कलतो आणि तोल सावरायला लगाम ओढतो. त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडाला. वजन बैठकीच्या दोन्ही हाडांवर सारखे, कंबर सैल, टाच खाली, असे बसले की हात मोकळे होतात. अंगावरची माशी ज्याला कळते, त्या घोड्याला स्वाराचा कल कळणारच.

दुसरा ‘कावा’. आज त्याचा अर्थ कपट. घोड्याला गोल फिरवणे हा जुना अर्थ. शिकवणारा दोरी धरून घोड्याच्या खांद्यामागच्या बाजूला राहिला तर घोडा पुढे चालतो, खांद्यापुढे आला तर थबकतो. दोन्ही अंगांनी फिरवले की कोणती बाजू ताठ आहे तेही दिसते. पाठीवर बसण्याआधीच दोघांचे बोलणे सुरू झालेले असते.

म्हणून क्रम असा: आधी जमिनीवर कावा, मग पाठीवर मांड, लगाम सर्वांत शेवटी. आपण सहसा लगामापासूनच सुरुवात करतो.