राघोभरारी आणि राघोबा

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळास ज्यांचे नाव दिले आहे, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील कागदपत्रे आहेत. त्या वर्षांतील रघुनाथराव म्हणजे राघोभरारी! एप्रिल १७५८ मध्ये तो लाहोरास पोहोचला, त्याच्या तुकड्या अटकेपर्यंत गेल्या आणि ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग मराठीत कायमचा रुजला. तो खंड १७६१ साली संपतो, हे रघुनाथरावाचे भाग्यच म्हणावयाचे. कारण खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकात (१९०९) किंवा प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात (१९४४) महाराष्ट्राने पाहिला तो पुतण्याच्या रक्ताने हात माखलेला राघोबा.

एकच मनुष्य येथून तेथे गेला कसा? लोककथा उत्तर देते, की आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला. एका अक्षराने सारा उलगडा होणे रंगभूमीला सोयीचे खरे. परंतु घसरण अकरा वर्षांची होती.

उत्तरेच्या मोहिमेत कीर्ती मिळाली, तसे कर्जही झाले. म्हणून १७६० साली उत्तरेस सदाशिवरावभाऊंची रवानगी झाली. पानिपतानंतर सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला, तेव्हा दौलत जाणत्याच्या हाती असावी, हा काकाचा विचार अगदीच गैर नव्हता. गैर होता तो मार्ग. १७६२ साली आळेगावी त्याने निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यास नमविले. राज्य फुटू नये म्हणून माधवराव आपण होऊन काकाच्या छावणीत गेला; काकाने त्यातून आपलाच हक्क सिद्ध झाला असे मानले.

पुढचा प्रसंग खानदेशाच्या उंबरठ्यावरचा. चांदवडजवळ सातमाळा रांगेत धोडपचा किल्ला आहे. ती रांग उत्तरेकडे उतरली की गिरणेचे खोरे लागते. जून १७६८ मध्ये तेथे माधवरावाने काकाचा पराभव करून त्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. मृत्यूपूर्वी माधवरावाने समेट घडविला खरा, पण १७७३ साली नारायणरावाने काकास पुन्हा अडकविले. आता जो स्वतः कोंडला गेला, त्याने पुतण्यास कोंडावे, एवढाच बेत होता असे मानले जाते. परंतु ते काम त्याने पगार थकलेल्या गारद्यांकडे सोपविले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांचा पेशवा वाड्यातच मारला गेला. आनंदीबाईचा त्यात किती हात होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. गारद्यांना कोणी हाताशी धरले, याविषयी नाहीत.

रामशास्त्र्यांनी दोष दिला, बारभाईंनी पाठ घेतली आणि १७७४ साली रघुनाथराव खानदेशातून बऱ्हाणपुराकडे निघून गेला. गादीची आशा मात्र सुटली नाही. मार्च १७७५ मध्ये सुरतेस त्याने इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देऊ केली. हीच वसई १७३९ साली त्याच्या सख्ख्या चुलत्याने, चिमाजीअप्पाने, असंख्य माणसे खर्ची घालून जिंकली होती! पुण्याची वाट मोकळी व्हावी म्हणून रघुनाथरावास ही किंमतही जड वाटली नाही.

१७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन तो गोदाकाठी कोपरगावी राहिला व डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारला. वय अवघे एकोणपन्नास.